लहान शोधनिबंध आणि मोठ्या जागा

आपल्या व्यापारी कुटुंबांतील मुलेमुली दुकानाची गादी सोडून वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ लागली, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. बाजारात ज्यांच्या दोन दोन पिढ्यांनी धान्य, कापड किंवा भांडी विकली, त्यांच्या घरच्या दारावर आज डॉक्टरांच्या नावाची पाटी दिसते. हे पाहून आम्हांस संतोष होतो. परंतु या नव्या विद्येबरोबर काही नवे खर्चही घरात आले आहेत, व त्यांतील एका खर्चासंबंधी बरेच सभासद बंधू आम्हांस वारंवार विचारीत असतात. मुलगा किंवा मुलगी एम.बी.बी.एस. च्या तिसऱ्या वर्षाला गेली की एके दिवशी सांगते, “मला शोधनिबंध छापून आणला पाहिजे. त्यावाचून पुढे चांगली जागा मिळत नाही.” बापाला त्यातले काही समजत नाही. तो पैसे काढून देतो. ते पैसे कोठे गेले आणि त्यांतून काय आले, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही.

आमची स्वतःची विद्या मॅट्रिकपुरती आहे. तथापि आमच्या एकत्र कुटुंबातील तीन मुले या मार्गाने गेल्यामुळे त्यासंबंधीचे नियम, अहवाल व आकडे आम्हांस वाचावे लागले. धान्याच्या व्यापारात चाळीस वर्षे काढल्यामुळे आकडा कोणी दाखविला की तो कशाचा, हे विचारण्याची सवयही लागली आहे. त्या सवयीच्या बळावर हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रश्न कोणत्या देशाचा?

सर्वांत प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, आपल्या देशात राहून एम.डी. किंवा एम.एस. होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी शोधनिबंधाचा काहीही उपयोग नाही. येथील प्रवेश नीट-पीजी या परीक्षेतील गुणानुक्रमावर होतो. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व तत्सम राष्ट्रीय संस्थांसाठी निराळी परीक्षा आहे, पण तत्त्व तेच. एकही निबंध नसलेला विद्यार्थी व दहा निबंध असलेला विद्यार्थी तेथे एकाच काट्यावर तोलले जातात, आणि त्या काट्यात केवळ परीक्षेचे गुण पडतात. पुढे एम.डी. च्या अभ्यासात प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो, व अध्यापक व्हावयाचे असल्यास प्रकाशित निबंधांची गणना होते, हे खरे. तेव्हा संशोधन शिकणे निरर्थक नाही. परंतु ‘निबंध नाही म्हणून येथील जागा गेली’ असे कोणी म्हणत असेल, तर ते खोटे आहे, व त्या भीतीपोटी एक पैसाही खर्च करण्याचे कारण नाही.

इंग्लंडमध्ये काही वर्षे निराळी रीत होती. तेथे नव्या डॉक्टरांना पहिल्या दोन वर्षांच्या उमेदवारीची जागा देताना छापलेल्या लेखाबद्दल थोडे गुण मिळत. एकेका गुणासाठी विद्यार्थी लेखांच्या मागे धावत. २०२३ च्या प्रवेशापासून तेथे ते गुण देणे बंद झाले. जेथे मोजणी असते तेथे धावाधाव होते, एवढाच बोध यातून घ्यावा.

हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेचा आहे, आणि ज्यांची मुले तिकडे जाऊ पाहतात त्यांच्यासाठीच पुढील विवेचन आहे.

अमेरिकेतील रीत

अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर रुग्णालयात राहून तीन ते सात वर्षे विशिष्ट शाखेचे शिक्षण घ्यावे लागते. यास रेसिडेन्सी म्हणतात. त्यावाचून तेथे स्वतंत्रपणे वैद्यकी करता येत नाही. या जागांची वाटणी १९५२ पासून एका राष्ट्रीय योजनेमार्फत होते. विद्यार्थी एकाच अर्जाच्या प्रती अनेक रुग्णालयांकडे पाठवितात. रुग्णालये त्यांतून काहींना मुलाखतीस बोलावितात. नंतर विद्यार्थी रुग्णालयांची आणि रुग्णालये विद्यार्थ्यांची पसंतीक्रमाने यादी देतात. दोन्ही याद्या गणकयंत्रात घालून जोड्या लावल्या जातात, आणि मार्च महिन्यात निकाल लागतो. याला ‘मॅच’ असे नाव आहे. या जोडणीच्या गणिताची सध्याची पद्धत ज्यांनी घालून दिली त्यांत प्रमुख असलेले ॲल्विन रॉथ यांना, लॉइड शॅप्ली यांच्यासमवेत, २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वधूवरांच्या याद्या जुळविण्यासारखाच हा प्रकार असल्यामुळे आपल्या वाचकांस तो समजण्यास कठीण पडू नये.

परदेशी पदवीधराला ही वाट अरुंद आहे. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकेतील एम.डी. महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी मात्र ५८.५ टक्क्यांनाच. म्हणजे शंभरांतील चाळीसांहून अधिक मुले परीक्षेचा, अर्जाचा व प्रवासाचा खर्च करून त्या वर्षी रिकाम्या हाताने राहिली. साहजिकच प्रत्येक जण आपल्या अर्जात काहीतरी वजन घालू पाहतो.

त्यात एक मोठा बदल झाला. तेथील परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला पूर्वी तीन आकडी गुण मिळत, आणि रुग्णालये त्या गुणांची चाळणी लावून अर्ज वेगळे करीत. २६ जानेवारी २०२२ पासून त्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच लागतो. दुसऱ्या टप्प्याच्या लेखी परीक्षेचे गुण अद्याप मिळतात. परंतु एक चाळणी गेल्यामुळे लोकांचे लक्ष अर्जातील इतर रकान्यांकडे वळले, व त्यांत शोधनिबंधांचा रकाना ठळक आहे.

आकडा कशाचा?

या योजनेचे चालक अधूनमधून एक अहवाल प्रसिद्ध करतात. त्यात निवड झालेल्या विद्यार्थ्यांची शाखावार सरासरी दिलेली असते. २०२२ च्या अहवालाप्रमाणे अमेरिकेतील एम.डी. विद्यार्थ्यांपैकी ज्यांना मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या शाखेत जागा मिळाली, त्यांच्या अर्जातील या रकान्याची सरासरी २५.५ होती, आणि त्वचारोगशाखेत ती २०.९ होती. हे आकडे ऐकून आपल्याकडील विद्यार्थी घाबरतो. पंचवीस निबंध कोठून आणावयाचे?

येथे आमच्या धंद्यातील सवय कामास येते. कोणी सांगितले की अमुक व्यापाऱ्याने पंचवीस मण माल विकला, तर आम्ही आधी विचारतो, मण कच्चा की पक्का? वरील आकड्यात शोधनिबंध, परिषदेसाठी पाठविलेले सारांश आणि तेथे केलेली निवेदने व भित्तिपत्रके, हे सर्व एकत्र मोजलेले आहे. एकच अभ्यास प्रथम सारांशरूपाने पाठविला, मग भित्तिपत्रक म्हणून परिषदेत मांडला, आणि शेवटी नियतकालिकात छापला, तर तो तीन ठिकाणी मोजला जातो. एकच पोते तीन वह्यांत जमा धरावे, तसा हा प्रकार. म्हणून पंचवीस या आकड्यामागे प्रत्यक्ष छापलेले निबंध पुष्कळच कमी असतात.

दुसरी गोष्ट अशी की, ज्यांची निवड झाली नाही त्यांच्याही अर्जात हा आकडा लहान नसतो. आकडा मोठा म्हणून जागा मिळाली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तिसरी गोष्ट, कौटुंबिक वैद्यकासारख्या शाखांत ही सरासरी पुष्कळच खाली आहे. निवड करणाऱ्या रुग्णालयांतील प्रमुखांना विचारून जी पाहणी केली जाते, तीत दुसऱ्या टप्प्याचे गुण, त्याच शाखेतील डॉक्टरांची शिफारसपत्रे आणि महाविद्यालयाचे मूल्यमापन यांना बहुतेक शाखांत अग्रक्रम मिळतो. संशोधनाचा क्रम त्यांच्या मागून येतो. त्वचारोग, मेंदूची शस्त्रक्रिया, प्लास्टिक सर्जरी अशा थोड्या जागांच्या शाखांत मात्र संशोधन जवळजवळ गृहीत धरले जाते. मुलाला कोणत्या शाखेत जावयाचे आहे, हे ठाऊक नसताना ‘निबंध हवा की नको’ या प्रश्नास उत्तरच नाही.

निबंध म्हणजे वानगी

मग लहान निबंधाचा उपयोग होतो की नाही? आमचे मत असे की, होतो; पण तो वजन म्हणून होत नसून वानगी म्हणून होतो.

वखारीत शंभर पोती आली की आम्ही सगळी उघडीत नाही. दोन-चार पोत्यांत परखी खुपसून मूठभर दाणे काढतो. त्या मुठीत खडा किती, ओल किती, दाणा भरलेला की पोचट, यावरून साऱ्या मालाचा भाव ठरतो. विद्यार्थ्याचा लहान निबंध ही अशी मूठ आहे. परीक्षक तीवरून पाहतो की, या मुलाने हाती घेतलेले काम शेवटास नेले का, त्याला प्रश्न विचारता येतो का, वरिष्ठांबरोबर तो नीट वागला का. मूठ एक असली तरी चालते, मात्र ती त्याच पोत्यातली असली पाहिजे.

लहान निबंधांचेही प्रकार आहेत. एका रुग्णाचा विलक्षण आजार व त्यावरील उपचार यांचे वृत्त लिहिणे, यास केस रिपोर्ट म्हणतात. ते एका पोत्याची हकीकत सांगण्यासारखे आहे. अशा आठ-दहा रुग्णांची हकीकत एकत्र केली की त्याला थोडे अधिक मोल येते. रुग्णालयातील जुनी नोंदपत्रे काढून, अमुक उपचार केलेल्यांचे पुढे काय झाले हे मोजणे, हे मागील दहा वर्षांच्या खतावण्या तपासण्यासारखे आहे. त्यात श्रम बरेच, पण निष्कर्षही अधिक भरवशाचा. दुसऱ्यांचे छापलेले अभ्यास गोळा करून त्यांचा मेळ घालणे हा आणखी एक प्रकार; तो नीट केला तर उत्तम, आणि घाईने केला तर दुसऱ्याच्या वहीची नक्कल. संपादकास पत्र हा सर्वांत लहान प्रकार.

यांपैकी कोणताही प्रकार असो, मुलाखतीत परीक्षक अर्जातील एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारतो, “या अभ्यासात आपण काय केले?” ज्याने स्वतः नोंदी काढल्या, रुग्णाशी बोलला, चार वेळा मसुदा फाडून पुन्हा लिहिला, तो पंधरा मिनिटे बोलू शकतो. ज्याचे नाव केवळ यादीत आहे, तो पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. त्याहून मोठा लाभ म्हणजे शिफारसपत्र. वर्षभर ज्याच्या हाताखाली काम केले, तो डॉक्टर विद्यार्थ्याचा स्वभाव व चिकाटी ओळखून पत्र लिहितो. आपली कित्येक मुले अमेरिकेत जाऊन वर्ष-दोन वर्षे एखाद्या विभागात संशोधनसहायक म्हणून, कधी विनावेतनही, राबतात. त्यांना तेथून खरा लाभ मिळतो तो या ओळखीचा. निबंधांची संख्या त्या मानाने गौण होय.

लहान लेखांची थोरवी

लहान निबंध म्हणजे क्षुद्र निबंध, असे मात्र कोणी समजू नये. १८६९ साली बर्लिन येथील पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने आपल्या पदवीच्या प्रबंधात स्वादुपिंडातील पेशींच्या लहान पुंजक्यांचे वर्णन केले. त्यांचे कार्य काय, हे त्याला ठाऊक नव्हते. पन्नासांहून अधिक वर्षांनी, १९२१ मध्ये, त्याच पुंजक्यांतील इन्शुलिन टोरांटोच्या संशोधकांनी वेगळे काढले. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या साप्ताहिक पत्रिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाचे लहानसे वृत्त छापले गेले. पाचच रुग्ण, परंतु एड्स या रोगाची जगाला मिळालेली ती पहिली वर्दी होती.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे घ्यावे. कोकणातील बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रात काम करीत असता लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसे त्यांनी पाहिली. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या. विंचूदंशाच्या लक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला, आणि १९८६ मध्ये प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाच्या उपयोगासंबंधीचे त्यांचे लिखाण त्याच ठिकाणी प्रसिद्ध झाले. त्या उपचाराने असंख्य शेतकऱ्यांचे व त्यांच्या लेकरांचे प्राण वाचले. २०२२ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातही असे काम झाले आहे. खेड्यांत प्रसूतीनंतर होणाऱ्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉलची गोळी उपयोगी पडते काय, याचा अभ्यास येथील १,६२० स्त्रियांवर झाला आणि २००६ मध्ये तोही लॅन्सेटमध्ये आला. गोळी घेतलेल्या स्त्रियांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के, तर न घेतलेल्यांत १२ टक्के आढळले. गोळ्या देण्याचे व रक्त मोजण्याचे काम गावोगावच्या परिचारिकांनी केले. अशा मोठ्या कामात विद्यार्थ्याने नोंदी ठेवण्याचा लहान वाटा उचलला, तरी तो दहा उसन्या निबंधांहून अधिक शिकेल.

खोटे माप

आता जे लिहावयाचे आहे ते लिहिताना खेद होतो. मागे एक गृहस्थ आमच्या पेढीवर आले. मुलांना परदेशी पाठविण्याचे सल्लागार म्हणून त्यांनी ओळख करून दिली. आमची पुतणी त्या वेळी शेवटच्या वर्षाला होती व योगायोगाने तेथेच बसली होती. गृहस्थ म्हणाले, “शेठजी, केस रिपोर्ट तयार आहे. पहिले नाव हवे असेल तर एक दर, तिसरे किंवा चौथे हवे असेल तर दुसरा.” पुतणीने विचारले, “रुग्णाला काय झाले होते?” गृहस्थांस ते सांगता आले नाही. तेव्हा ती आमच्याकडे वळून म्हणाली, “काका, हे पोते न उघडताच विकताहेत.” आम्ही त्यांस चहा देऊन निरोप दिला.

हा व्यवहार लहान दिसतो, पण तो खोट्या मापाचाच आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणास म्हणावे याच्या चार अटी घातल्या आहेत. कामात त्याचा भरीव वाटा हवा. लिहिण्यात किंवा मसुदा सुधारण्यात त्याचा सहभाग हवा. अंतिम मजकुरास त्याची संमती हवी. आणि मजकुरासंबंधी शंका निघाल्यास जाब देण्याची जबाबदारी त्याने घेतलेली हवी. पैसे देऊन घेतलेले नाव यांतील एकही अट पुरी करीत नाही. जे दिले गेले नाही ते घेऊ नये, हे अचौर्याचे व्रत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते निबंधावरील नावासही लागू पडते.

दुसरा सापळा नियतकालिकांचा. काही नियतकालिके तज्ज्ञांकडून तपासणी न करता, केवळ पैसे घेऊन, आठ दिवसांत लेख छापतात. अमेरिकेतील जेफ्री बील या ग्रंथपालांनी २०१० मध्ये अशांना ‘भक्षक’ नियतकालिके हे नाव दिले. पैसे घेणारे प्रत्येक नियतकालिक खोटे नसते, हे येथे नमूद केले पाहिजे; काही प्रतिष्ठित नियतकालिकेही छपाईचा आकार घेतात. भेद तपासणीत आहे. आणि मोठ्या नावाखालीही माल बिघडू शकतो. हिंदावी या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांतील ८,००० हून अधिक लेख २०२३ या एकाच वर्षी मागे घेतले गेले. ज्यांची नावे त्यांवर होती, त्यांच्या नावापुढे ती नोंद कायमची राहिली.

ऑस्ट्रेलियातील डॉ. विल्यम मॅकब्राइड यांचे चरित्र या बाबतीत फार बोलके आहे. थॅलिडोमाइड हे औषध घेतलेल्या गर्भवतींची बालके व्यंगासह जन्मत आहेत, असे काही ओळींचे पत्र त्यांनी डिसेंबर १९६१ मध्ये लॅन्सेटला लिहिले. त्या छोट्या पत्राने ते जगद्विख्यात झाले. पुढे दुसऱ्या एका औषधासंबंधीच्या संशोधनात त्यांनी आकडे बदलल्याचे सिद्ध झाले आणि १९९३ मध्ये डॉक्टरांच्या नोंदवहीतून त्यांचे नाव काढून टाकण्यात आले. खऱ्या चार ओळींनी मिळविलेली पत खोट्या आकड्यांनी घालविली. पत कशी जमते आणि कशी जाते, हे आपणा व्यापाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

पालकांनी काय पाहावे

प्रथम मुलास विचारावे की, जावयाचे कोठे व कोणत्या शाखेत. येथेच राहावयाचे असेल तर पैसा व वेळ नीट-पीजीच्या अभ्यासाला द्यावा. अमेरिकेस जावयाचे असेल तर दुसऱ्या टप्प्याचे गुण व शिफारसपत्रे यांना बाधा येईल इतका वेळ निबंधांच्या मागे घालवू देऊ नये.

दुसरे, काम आपल्याच महाविद्यालयातील शिक्षकांच्या हाताखाली सुरू करावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची संशोधन योजना १९७९ पासून सुरू झालेली आहे. पदवीपूर्व विद्यार्थ्याने मार्गदर्शक निवडून आराखडा पाठवावयाचा, आणि तो मान्य झाल्यास दोन महिने काम करून अहवाल द्यावयाचा, अशी तिची रीत आहे. त्यातून मिळणारी शिस्त विकत मिळत नाही.

तिसरे, रुग्णाची लेखी संमती व महाविद्यालयाच्या नीतिसमितीची आवश्यक ती परवानगी घेतली आहे काय, हे विचारावे. ज्याच्या दुखण्यावर आपल्या मुलाचे नाव छापले जाणार, त्या माणसाचा मान राखणे हे पहिले कर्तव्य होय.

चौथे, पैसे मागितले गेल्यास ते कोणास, कशाबद्दल व कोणत्या टप्प्यावर द्यावयाचे, हे कागदावर पाहावे. नियतकालिक पबमेड या अमेरिकेच्या सार्वजनिक सूचीत सापडते काय, हे कोणासही घरबसल्या विनामूल्य पाहता येते. केवळ सूचीत नाव आहे म्हणून विश्वास ठेवू नये, शिक्षकांनाही विचारावे. लेख पाठविला आहे, स्वीकारला आहे की छापला आहे, हे अर्जात जसे असेल तसेच लिहावे. पाठविलेल्या मालाची आधीच विक्री दाखविणे कोणत्याही वहीत चालत नाही.

पाचवे, घरातील वडीलधाऱ्यांनी रात्री जेवणानंतर मुलाला तो निबंध सोप्या मराठीत समजावून सांगावयास लावावे. त्याला तो सांगता आला तर निबंध त्याचा आहे. नाही आला तर तो कोणाचा आहे, याचा शोध तेव्हाच घ्यावा.

सारांश, लहान शोधनिबंधाने परदेशातील जागा मिळण्यास मदत होते. काही शाखांत तो जवळजवळ आवश्यक आहे, बहुतेक शाखांत उपकारक आहे, आणि आपल्या देशातील प्रवेशास तो निरुपयोगी आहे. एक खरा निबंध, ज्याची प्रत्येक ओळ मुलाला ठाऊक आहे, तो दहा विकतच्या निबंधांहून मुलाखतीत अधिक चालतो. आणि समजा जागा मिळालीच नाही, तरी रुग्णाच्या उशाशी बसून नोंद ठेवण्याची सवय लागलेला डॉक्टर आपल्या गावात परत आला, तर गावाचे त्यात नुकसान नाही. बिरवाडीस हेच घडले होते.

आपल्या मंडळाच्या सभासदांनी या विषयाचा शांतपणे विचार करावा, आणि ज्यांच्या घरी अशी मुलेमुली आहेत त्यांनी पैशाची पिशवी सोडण्यापूर्वी वरील पाच गोष्टी पाहाव्यात, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.